रुखवतवाल्या खाला

आज मी या परक्या मुलखात बाहुल्या करायला शिकते आहे, ती खालांमुळं. हे आधीच सांगून टाकते. बाकीचं सांगताना माझा गोंधळ उडतो आणि मुद्द्याचं तेवढं राहून जातं. खाला माझ्या नात्यातल्या नाहीत. कळंबच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्या राहतात आणि आसपासच्या लग्नांतली रुखवतं करून देतात. पण कळंबात कुणाला विचाराल, तर कुणी कबूल होणार नाही. रुखवत नवरीनं आपल्या हातानं केलंय, असंच सगळ्यांनी धरून चालायचं असतं, आणि खाला ते सगळ्यांपेक्षा जास्त धरून चालतात. लग्नाला जातात, आपणच केलेल्या कामासमोर कौतुकानं उभ्या राहतात आणि वरपक्षाच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "या अल्ला, काय हात हाय पोरीचा! सासूनं नशीब काढलं बघा."

नववीनंतर माझी शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली होती, वडील मेंढरांमागं रानोमाळ, घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं. आई उठून हिंडू-फिरू लागली तोवर बरोबरच्या मुली कॉलेजला जायला लागल्या होत्या. मी घरात बसून कुढायचे. कुणी मोठ्यानं बोललं तरी माझ्या हाताला कापरं भरायचं. शेवटी आईनंच मला खालांकडं धाडलं. "चार गोष्टी शिक, तुझ्या लग्नात तरी कामाला येतील," म्हणाली.

खालांच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. एका भिंतीला डबे, त्यांत तांदूळ, मसूर, मोहरी, राळे, खसखस. दुसऱ्या भिंतीला खोबऱ्याच्या वाट्या, सुपाऱ्या, काडेपेटीच्या काड्या. तांदूळ त्या स्वतः निवडत आणि तुटका दाणा दिसला की लगेच भाताच्या डब्यात टाकत. "तुटका दाणा खायाला चालतो, बघाया न्हाय," म्हणत. त्यामुळं त्यांच्याकडचा भात नेहमी कण्यांचाच असायचा. खालांचे मालक, आमचे चाचा, जेवायला बसले की कुरकुरत, "लोकांच्या सुनांना अख्खा तांदूळ, अन् आमच्या ताटात चुरा." त्यावर खाला म्हणत, "तुमी बी मांडवात मांडून घ्या की, तुमाला बी अख्खा लावते."

मला दर दाण्याला विचारायची खोड. चिमट्यानं एक मोहरी चिकटवली की लगेच, "खाला, चुकलं का?" पहिले काही दिवस त्यांनी सोसलं. मग एकदा चिमटा खाली ठेवून म्हणाल्या, "चुकलं तर मी वरडंन, बेटा. मला वरडाया लई येतंय, त्याची फिकीर तू करू नको. मी गप हाय तवर चालू दे." खाला गप मात्र कधीच नसायच्या. काम सुरू झालं की त्यांची जीभही सुरू. कुणाची सोयरीक मोडली, कुणाची वरमाई हळदीलाच रुसून बसली, कुणाच्या नवऱ्या मुलाला घोड्यानं पाडलं. मी ऐकत राहायचे, हसायचे, आणि माझ्या नकळत तांदळाचं अख्खं तुळशीवृंदावन उभं राहायचं. त्या घरात माझे हात कधी थरथरले नाहीत. त्याचं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं.

रुखवत पोचवायच्या आदल्या दिवशी खाला नवरीला बोलावून तिची तालीम घेत. "कशानं चिकटवलं? डिंकानं. डोळे कशाचे? मिऱ्याचे. कुणी शिकवलं? आईनं." एकदा असं झालं की नवरीला सगळं पाठ होतं, पण सासूनं भलतंच विचारलं, "एवढं कधी केलंस गं?" नवरी भाबडेपणानं म्हणाली, "मी पण आजच बघितलं." सगळा मांडव हसला. खाला सावरून घेत म्हणाल्या, "लाजली वो पोरगी!" घरी आल्यावर मात्र मला बजावलं, "आपण दोघी तोंडाला कुलूप. कुणी विचारलं, तू केलंस का, तर काय म्हणायचं?" मी म्हणायचे, "न्हाय बाई, नवरीनं." पुढं पुढं ते मला विचार न करता म्हणता येऊ लागलं.

एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मावशी पुण्याहून आल्या होत्या. त्या नाटकांचं नेपथ्य करायच्या. आमच्या रुखवतात कळंबचा अख्खा आठवडी बाजार मांडला होता. त्याच्यापुढं त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की पंगत उठली. मग त्यांनी नवरीला काही विचारलं आणि नवरी माझ्याकडं बघू लागली. खाला जवळच विडा लावत होत्या. नवरीचं नाव तर राखायचं होतं, आणि ही संधीही जाऊ द्यायची नव्हती. त्या मावशींना म्हणाल्या, "ताई, हे नवरीचं काम. आता ह्या पोरीचं बी बघा. लई येगळं असतंय." आणि हाताला धरून त्यांना आपल्या घरी घेऊन आल्या. मी फावल्या वेळात हौसेनं केलेल्या दोन बाहुल्या तिथं होत्या. मावशींनी त्या हातात घेतल्या, आणि त्यानंतर जे काही झालं ते मावशींनी केलं. त्यांच्या ओळखीची एक बाहुलीकामाची शाळा परदेशात होती. तिथं दाखला लागत नाही, कामाचे फोटो लागतात. माझी निवड झाली, शाळेनं राहण्या-जेवण्याची सोय केली.

घरी ऐकूनच सगळे गार पडले. वडील म्हणाले, "अगं, येडशीच्या पुढं एकटी गेली न्हाईस कधी!" मी स्वतः नाही म्हणायच्या बेतात होते. खालांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिथं लग्नं व्हत्यात का?" होत असतील, म्हटलं. "मग ऱ्हाशील तू. जा." निरोपाला त्या स्टँडवर आल्या, पण रडारड नको म्हणून की काय, सगळा वेळ माझ्या बॅगेवरून कंडक्टरशी भांडत बसल्या. गाडी सुटली तेव्हाही त्या त्यालाच दम देत होत्या.

इथं आल्यावर पहिले महिने मी फक्त ऐकलं. बोलायची भाषा वेगळी, माझं इंग्रजी मोडकं. वर्गात सगळे मान खाली घालून काम करतात, चिमटा खाली ठेवला तर त्याचा आवाज होतो. अर्ध्या वर्षानंतर सगळ्यांच्या कामाचं प्रदर्शन असतं. त्यावरून ठरतं की तुम्ही पुढं शिकणार की घरी परत जाणार. मी बाजार केला. भाजीवाली, तिचा तराजू, घासाघीस करणारी म्हातारी, सगळ्या हलत्या बाहुल्या, वर धान्याची कलाकुसर. माझ्या खोलीत, फोनवर आईशी बोलत बोलत केला.

प्रदर्शनाच्या दिवशी लोक माझ्या टेबलाशी थांबू लागले. एका बाईंनी हसून विचारलं, हे तुम्ही केलंत? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नो, नो. नॉट मी." मी हसलेही, कळंबच्या मांडवात हसायचे तशी. पाठोपाठ एका गृहस्थांनाही तेच सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई माझ्या पाठीशी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. कुणी दुसऱ्याचं काम आपलं म्हणून मांडलं, तर इथं त्याला घरी पाठवतात. मी समजावू लागले. आमच्याकडं लग्न असतं, नवरी असते, ती करत नाही, पण तिनं केलं म्हणतात. जसजशी बोलत गेले तसतशी जास्त खोटी वाटू लागले. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, इथंच बसून थोडं करून दाखव. माझ्यापुढं धान्य ठेवलं, डिंक ठेवला. खोलीत चिडीचूप. माझा हात असा काही थरथरला की एकही दाणा जागेवर बसेना. बाईंनी विचारलं, तुझं काम ओळखणारं कुणी आहे का? मी पुण्याच्या मावशींना व्हिडिओ फोन लावला आणि त्यांनी खालांना जोडून घेतलं.

पडद्यावर खाला आल्या. डोक्यावरची ओढणी सारखी करत त्यांनी आधी मलाच झापलं. "काय गं, वाळलीस किती! तिकडं जेवाया घालत न्हाईत का?" मी रडायलाच लागले आणि तशीच सगळं सांगून टाकलं. खाला ऐकत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "चिमटा घे हातात. मी सांगते ती गंमत ऐक." आणि सुरू झाल्या. गल्लीतल्या एका नवऱ्या मुलानं म्हणे फेटा असा काही घट्ट बांधून घेतला की आंतरपाट धरायच्या आत त्याला घेरी आली. भटजी पाणी मारतोय, करवली पंख्यानं वारं घालतेय, आणि वरमाई म्हणतेय, "पाणी नका मारू, फेटा भाड्याचा हाय!" मी खुदकन हसले. खाला बोलतच राहिल्या. मी खाली बघितलं, तेव्हा पुठ्ठ्यावर मसुरीच्या दाण्यांनी बाजारातल्या कांद्याच्या ढिगाऱ्याची कड धरून झाली होती.

मोठ्या बाईंनी खुर्ची जवळ ओढली. बराच वेळ त्या माझ्या हातांकडं बघत होत्या. मग मावशींमार्फत त्यांनी विचारलं, या बाई कोण?

खाला गप्प झाल्या. आजवर हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, फोन ठेवतील. मग त्या हळूच म्हणाल्या, "सांगा त्यांना, रुखवत मी करते. सगळ्या कळंबचं मीच करते. आमच्यात करणारीनं सांगायचं नसतंय. ती सवय हिला मी लावली, पोरीची काय बी गलती न्हाय." जरा थांबून मावशींना म्हणाल्या, "अन् हे तिकडंच ऱ्हाऊ द्या म्हणावं. कळंबात कळलं तर माझ्या नवऱ्या सासरी काय तोंड दाखवतील?"

मावशींनी ते सांगितल्यावर मोठ्या बाई पोट धरून हसल्या. माझा बाजार पुन्हा टेबलावर लागला, या वेळी माझ्या नावाच्या चिठ्ठीसकट. पुढच्या वर्षासाठी माझं नाव पक्कं झालं, तेव्हा मी जिन्यात बसून किती तरी वेळ नुसता श्वास घेत होते.

खालांचं नाव मी या लिहिण्यातही घेतलेलं नाही. त्यांच्या नवऱ्या मुलींचा संसार मला मोडायचा नाही. पण या परक्या मुलखात तर त्यांची एकही नवरी नाही. म्हणून परवा फोनवर म्हटलं, "खाला, पासपोर्ट काढा." तर म्हणाल्या, "माझा फोटू चांगला येत न्हाय." येईल, खाला. उशीर लागेल, पण मी तुम्हांला इथं आणणार आहे. तुमचं काम मोठ्या टेबलावर मांडीन, तुम्हांला त्याच्या शेजारी बसवीन, आणि कुणी विचारलं की हे कुणी केलं, तर मोठ्यानं तुमचं नाव सांगीन.