टायमकीपर काकांची सवलत

माणूस किती उशिरा आला आहे, हे टायमकीपर काका त्याच्या चालीवरून सांगायचे. घड्याळाकडे बघायचेसुद्धा नाहीत. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा अर्धा गाळा होता आणि दाराकडे तोंड करून काकांचं टेबल. मी गल्लीच्या टोकाला दिसले की ते मान वर करायचे, आणि मी उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच म्हणायचे, "सात मिनिटं." घड्याळ बघावं तर सातच! पाच मिनिटं उशीर झालेला माणूस पळतो, म्हणे. दहाच्या पुढे गेलेला आरामात चालतो, कारण तोवर त्याची थाप तयार झालेली असते. "तू मधलीच कायतरी," ते मला म्हणायचे. "पळत पण नाय, थाप पण नाय. नुसती तोंड पाडून येतेस. तुझं कसं होणार गो?"

ही विद्या त्यांनी गिरणीच्या फाटकावर कमावली होती. अठरा वर्षं ते टाइम ऑफिसात होते. भोंगा झाला की फाटक बंद करायचं आणि मागून आलेल्यांचा अर्धा दिवस कापायचा, हे त्यांचं काम. कामगारांना ते साहेबांचे वाटायचे आणि साहेबांना कामगारांचे, त्यामुळे चहाला कोणीच विचारायचं नाही. एकदा मला म्हणाले, "एक जण दोन मिनिटं उशिरा आला. मी फाटक उघडलं नाय. शिव्या देईल असं वाटलं होतं. पण तो समोरच्या फुटपाथवर बसला, डबा उघडला आणि सकाळी आठ वाजता दुपारची भाकरी खात बसला. दुसरं करणार काय? मी आतून बघत होतो." 

संपात गिरणी बंद पडली. बाकीच्यांनी भाजीची गाडी लावली, कोणी रिक्षा घेतली. काकांनी कॉम्प्युटर घेतला! कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी तो पाहिला आणि तिथल्या टायवाल्या मुलाला विचारलं, "हा माणसाला दिवस आखून देतो काय?" तो म्हणाला, प्रोग्रॅम लिहिला तर देईल. झालं. गिरणीतून मिळालं ते सगळं त्या एका यंत्रात घातलं. काकू म्हणजे त्यांची बायको आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी तेव्हा बोरिवलीत एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकून नुकतीच बाहेर पडले होते. माझे वडीलही गिरणीतले, तेही घरीच बसलेले. काकांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर पहिलं काय करतेस?" मी खरं सांगितलं, की परत झोपते. नोकरी मिळाली.

आमच्या प्रोग्रॅमचं नाव 'दिनक्रम'. डॉक्टर, क्लासवाले, छोटे दुकानदार यांना रोज सकाळी दिवसभराच्या कामांचा एक कागद छापून देणारा. आता हसाल, पण तेव्हा तो प्रिंटर करकरत कागद बाहेर टाकायला लागला की माणसं खुर्चीतून उठून बघायला यायची. प्रोग्रॅम विकण्याआधी काका गिऱ्हाइकाकडे एक अख्खा दिवस नुसते बसून राहायचे. मुलुंडच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात असेच पेशंटांच्या बाकड्यावर बसले, आणि तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या हातात कागद ठेवला. त्यात स्पष्ट छापलं होतं, 'अकरा ते अकरा दहा : कंपाउंडरशी भांडण.' डॉक्टर लालबुंद झाले. "हे काय आहे?" काका शांतपणे म्हणाले, "रोज होतं ना? मग त्याला जागा नको? नायतर पुढचे सगळे पेशंट दहा मिनिटं मागे जातात." कंपाउंडर तोंडावर रुमाल धरून आत पळाला. डॉक्टरांनी प्रोग्रॅम घेतला.

त्या कागदावर दर तिसरी ओळ कोरी ठेवायची, हा काकांचा हट्ट. मी वैतागायचे. मी म्हणायचे, "काका, लोक वेळ वाचवायला पैसे देतात आणि आपण त्यांना रिकाम्या ओळी विकतो." त्यावर त्यांचं ठरलेलं, "वाचवलेल्या वेळेचं काय लोणचं घालणार? माणसाकडे कोण ना कोण येतंच. त्याला बसायला कुठे देशील?" असं म्हणून ते समोरच्या गाळ्यातल्या, बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या मुकादमाला हाक मारून चहाला बोलवायचे आणि माझा अर्धा तास खलास करायचे.

आणि बांगडा! कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर, धूळ नको, एसी चालू, सगळं सोवळं. पण दुपारी एकला काका त्याच बंद खोलीत डबा उघडायचे, कारण तिथे गार वाटतं. काकूंच्या हातच्या तळलेल्या बांगड्याचा वास संध्याकाळपर्यंत त्या पडद्यांतून जायचा नाही. एका शाकाहारी गिऱ्हाइकाने दारातूनच नाकाला रुमाल लावला, तर काका म्हणाले, "मशीन गरम झालंय, त्याचा वास." कॉम्प्युटर या विषयातलं त्यांचं ज्ञान साधारण इतकंच होतं. कीबोर्डला ते हात लावायचे नाहीत. फार तर डी, आय, एन ही तीन बटणं एका बोटाने शोधून दाबायचे, त्याने 'दिनक्रम' सुरू व्हायचा, आणि मग स्वतःच टाळी वाजवायचे.

पण टाळीने दुकान चालत नाही. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाइकं आटली. माझ्या घरात माझाच पगार यायचा, हे काकांना माहीत होतं. तेवढ्यात इस्टेटमधल्याच एका शर्टाच्या कारखान्याचे शेठ आले. बेचाळीस मुली कामाला. त्यांना हजेरीचा प्रोग्रॅम हवा होता. दारावर एक बाई बसेल, आलेल्या मुलीचा नंबर दाबेल, वेळ यंत्र टिपेल, आणि आठच्या पुढे एक मिनिट झालं तरी अर्धा दिवस कापला जाईल. त्यांचे आणखी दोन कारखाने होते. हे काम जमलं असतं तर आमची दोन वर्षं निघाली असती. मी तर मनात पेढे वाटून मोकळी झाले. काकांचा मात्र तीन दिवस बांगडासुद्धा अर्धा परत गेला.

चौथ्या दिवशी म्हणाले, "लिही. आपण नाय लिहिलं तर दुसरा कोणतरी लिहील. पण एक कर. दहा मिनिटांपर्यंत कोण उशिरा आली तर आठच लिहायचं."

मी म्हटलं, "काका, ही फसवणूक आहे."

"फसवणूक नाय. सवलत."

"मग शेठना सांगून करू या."

"सांगितलं तर ते देतील काय? वेडी की खुळी तू!" आणि मग खालच्या आवाजात, "गो, त्या सात वाजता घरातलं पाणी भरून निघतात. मी अठरा वर्षं फाटक लावलंय. आता परत मलाच लावायला सांगू नको."

मी लिहिलं. एक अट आणि तिच्याखाली एक ओळ, बस. मनात धाकधूक होती, पण खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती. शेठ प्रोग्रॅमवर खूश झाले. काकांनी ती संधी साधून त्यांच्यापाशी माझी भलामण केली. अंधेरीच्या एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत शेठचे मेहुणे होते. "पोरगी हुशार आहे, माझ्याकडे कुजेल," असं काका माझ्यासमोरच बोलले. शेठनी शब्द टाकला आणि माझं तिथे जवळजवळ नक्की झालं.

आणि मग माती खाल्ली ती मीच. खोटं बोलायचं तर माणसाने जरा इकडेतिकडे बोलावं की नाही? मी सगळ्या उशिरा येणाऱ्यांना सरसकट आठ वाजता आणून उभं केलं होतं. महिन्याअखेर शेठनी आम्हा दोघांना कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं. टेबलावर हजेरीचा लांबच लांब कागद पसरलेला. "टायमकीपरसाहेब," ते म्हणाले, "माझ्या घरात चार माणसं, ती कधी एका वेळी जेवायला बसत नाहीत. इथे वीस मुली सात पन्नास, सात छप्पन्न अशा पुढेमागे येतात. आणि उरलेल्या बावीस रोज ठोक्याला आठला? एवढ्या माझ्या दारात मावतात तरी का? आज सकाळी मी स्वतः घड्याळ घेऊन उभा होतो. कोणी केलं हे?"

शेठ माझ्याकडे बघत होते. प्रोग्रॅम मी लिहिला हे त्यांना माहीत होतं. अंधेरीची नोकरी, घर, वडील, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"मी केलं," काका म्हणाले. "हिने बरोबर लिहिलं होतं. ती घरी गेल्यावर मी आत एक ओळ घातली. हिला ठाऊक नाय."

"तुम्हाला येतं?"

"अठरा वर्षं हजेरी घेतली. एवढं नाय येणार?"

शेठ काही दुधखुळे नव्हते. त्यांनी खुर्ची मागे ओढली. "घातलीत ना? मग काढा. आत्ता, माझ्यासमोर."

काकांनी चपला काढल्या, कोपऱ्यात नीट जोडीने ठेवल्या आणि कॉम्प्युटरसमोर बसले. एक बोट वर धरून बराच वेळ कीबोर्ड बघत राहिले. मग डी शोधला. मग आय. मग एन. पडद्यावर आलं की असं काही इथे नाही. त्यांनी पुन्हा तेच दाबलं. शर्टावर पाठीकडून घाम उमटायला लागला होता. दोन पावलांवर मी उभी. 'मी लिहिलं' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. आजही तो एसीचा आवाज आठवला की मला स्वतःची लाज वाटते.

तिसऱ्यांदा एन दाबल्यावर काका मागे न वळता म्हणाले, "चष्मा विसरलो. पोरी, तू काढ ती. मी सांगतो कुठाय." आणि मी पुढे होऊन ती ओळ काढली, ते मला कुठे आहे हे सांगत असताना, अगदी चुकीच्या जागेकडे बोट दाखवत. शेठ सगळं समजले असणार. ते एवढंच म्हणाले, "मुलीचा काही दोष दिसत नाही. तुमचं काम मात्र मला नको."

शेठच्या दुसऱ्या दोन कारखान्यांचं कामही गेलं, आणि त्यामागोमाग आमचं दुकान. शेवटच्या आठवड्यात आम्ही चहा पीत होतो, तेव्हा कारखान्यातल्या दोन मुलींनी गल्लीत काकांना गाठलं. "काका, ते मशीन बिघडलं काय हो? आमचे अर्धे दिवस कापायला लागलंय." काका म्हणाले, "बिघडलं नाय गो. दुरुस्त केलं." पुढच्याच महिन्यात मी अंधेरीला रुजू झाले. काकांनी यंत्र विकलं आणि घाटकोपरला घराजवळच्या एका शाळेत कारकून म्हणून लागले. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला घरी चहाला बोलावलं होतं. मी गेले नाही. काम होतं असं कळवलं. पहिल्या दिवशी कसलं आलंय काम!

मी त्यांच्या घरी गेले ते दोन वर्षांनी, काकूंचा निरोप आला तेव्हा. काका खाटेवर पडून होते, पोट खपाटीला गेलेलं, हाताच्या काड्या झालेल्या. शाळेचं कौतुक चाललं होतं. तिथे उशिरा येणाऱ्या पोरांना ते मागच्या दाराने आत घेतात आणि हेडमास्तरांना कळत नाही, वगैरे. शेवटी काकू चहा ठेवायला आत गेल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, "काका, त्या दिवशी मी गप्प बसले. ती ओळ माझी होती. मी शेठना पत्र लिहून सांगणार आहे. तुमच्या नावावरचा डाग तरी जाईल."

काका उठून बसायला लागले. मी आधार दिला. एरवी कधी न चिडणारा माणूस, पण तेव्हा खरंच चिडला होता.

"काय एक करू नको. दोन वर्षं मी कॉम्प्युटरची कंपनी चालवली. तू शंभर पानं लिहिलीस. त्यातली एक ओळ माझ्या नावावर आहे गो, एकच. ती पण तुला हवी?"

मी 'नको' म्हटलं. पत्र लिहिलं नाही, आणि त्यानंतर त्यांच्या घरी मी गेले ती काका गेल्यावर, काकूंना भेटायला.