कार्डात नसलेला रकाना

बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी उंबऱ्याशी वाकायच्या आणि दारातल्या सगळ्या चपला एकेक करून पालथ्या घालायच्या. चप्पल उलटी पडली तर घरात भांडण होतं, हे आमच्या शिरगावात शेंबडं पोरही सांगेल. चुकून उलटी झालेली चप्पलसुद्धा कुणी ना कुणी धावत जाऊन सुलटी करत असे. आणि इथे मुंबईहून आलेल्या, चष्मा लावणाऱ्या, एवढ्या शिकलेल्या डॉक्टरबाई ओळीनं चपला उलट्या करून त्यांचे तळ बघत बसलेल्या! माझ्या वडिलांची आत्या, जिला सगळं गाव मोठी आत्या म्हणत असे, पहिल्या दिवशी त्यांच्या अंगावरच गेली. "ओ बाई, आमच्या घरात बांडणं काय कमी हायत, म्हणून तुमी आनकी लावताय?"

बाईंनी एक चप्पल वर धरली. "ही कुणाची? उजवी टाच पार झिजली आहे. या माणसाचा डावा गुडघा दुखत असणार." चप्पल मोठ्या आत्याची होती, आणि दुखरा डावा गुडघाही तिचाच. तेव्हापासून तिनं बाईंशी भांडणं सोडून दिलं. बाईंची पाठ वळली की चपला सुलट्या करणं मात्र तिनं शेवटपर्यंत चालू ठेवलं.

ही साठ-सत्तरच्या दरम्यानची गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, बोईसरला परमुलखातली माणसं खोल्या घेऊन राहायला लागली होती. बाई दर गुरुवारी गाडीनं पालघरला यायच्या. दवाखान्यातली एक खोली त्यांना मिळालेली होती. त्या डॉक्टर होत्या, पण औषध देत नसत, सुई टोचत नसत, त्यामुळे लोकांना त्यांचं काही कळत नसे. त्यांचं काम संशोधनाचं होतं. पोलिओनं पाय गेलेली मुलं आणि साठी ओलांडलेली माणसं रोजच्या जगण्यात अंगानं काय काय करू शकतात, याची त्या वर्षानुवर्षं नोंद ठेवत होत्या. प्रत्येकाचं एक कार्ड होतं. मुलांची कार्डं छापील, परदेशी नमुन्यावरून केलेली. म्हाताऱ्यांसाठी असा तयार नमुना नव्हता म्हणून ती बाईंनी स्वतः पट्टीनं आखलेली.

मी त्या मुलांपैकी एक. तीन वर्षांची असताना ताप आला आणि माझा डावा पाय लुळा पडला. पुढे कित्येक वर्षं मी हातांवर भार देऊन बसल्याबसल्या सरकत घरभर हिंडत असे, आणि शाळेत जायचं तर वडिलांच्या पाठीवरून.

बाईंना ‘बरं आहे’ हे उत्तर चालत नसे. कुणी तसं म्हटलं की त्या पेन्सिल खाली ठेवायच्या. "बरं आहे ते देवाला सांगा. मला सांगा, काय येतं? विहिरीतून कळशी ओढता येते? केस स्वतःचे स्वतः विंचरता येतात?" आमच्याकडे तब्येतीची चौकशी करायची ती उत्तर न ऐकण्यासाठी. ही बाई उत्तराची वाट बघत थांबते म्हटल्यावर माणसं गोंधळून जात. मग हळूहळू खरं बोलू लागत. गावातल्या एका खाष्ट म्हाताऱ्यानं आपल्याला धोतराची गाठ मारता येत नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा बाईंपाशी कबूल केलं.

त्यांच्यापाशी खोडरबर नव्हतं. चूक झाली तर तिच्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर काय ते लिहायचं. मी एकदा माझ्या कंपासातलं रबर त्यांना द्यायला गेले, तर म्हणाल्या, "नको गं. आधी काय चुकलं होतं, ते खालून दिसलं पाहिजे." मला तेव्हा हे वेडेपणाचंच वाटलं होतं.

म्हाताऱ्या माणसांना त्या जमिनीवर मांडी घालून बसवत आणि कशाचाही आधार न घेता उठायला सांगत. हातात घड्याळ. मोठ्या आत्याला ही परीक्षाच वाटली. आठवडाभर ती पहाटे उठून ओटीवर उठबस करत होती, आणि अखेर त्या गुरुवारी तिचे दोन्ही पाय असे भरून आले की तिला जागचं हलता येईना. बाई हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात न सांगता घरी आल्या आणि ती चुलीपुढून उठली तेवढं बघून गेल्या. "खाली बसून उठता येणं, ते गेलं की आपल्याकडे माणूस घरातून उठतो," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. त्याचा अर्थ मला कळला तो शेजारच्या म्हाताऱ्या काकूंवरून. घरचे त्यांना खाटेवर बसवून ताट तिथेच देऊ लागले, आणि दोन महिन्यांत त्यांना कुणी काही विचारेनासं झालं.

मला दहावं लागलं तेव्हा बाईंनी मला कॅलिपर दिला. लोखंडाच्या दोन पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली जाडजूड काळा बूट. तो चढवला की पाय मांडीपासून घोट्यापर्यंत ताठ. ज्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, त्या दिवशी वडिलांनी गावात पेढे वाटले. बाईंनी कार्डावर ‘चालणे’च्या पुढे ‘होय’ लिहिलं. पुढे दर गुरुवारी त्या विचारत, "शाळेत चालत जातेस ना?" मी मान हलवायची. आणखी एक ‘होय’.

मी खोटं बोलत होते. शाळेत आम्ही सगळी मुलं तरटावर बसायचो. कॅलिपर लावून खाली बसता येत नाही म्हणून गुरुजींनी मला दाराशी स्टूल दिलं. गुरुजी भले होते, पण त्या स्टुलावर मी वर्गात पाहुणी झाले. घरी पंगतीत बसता येईना. परसाकडे जायचं तर आई सोबत हवी. दुपारी ओटीवर घरातल्या बायका विड्याची पानं निवडून थप्प्या लावायला बसत. त्या कामात माझा हात आईपेक्षा चपळ होता. सरकत हिंडणाऱ्या मला त्या घोळक्यात हक्काची जागा होती, उभी राहू लागले आणि ती गेली. पंधरा दिवसांत मी आणि मोठ्या आत्यानं मिळून कॅलिपर खुंटीला टांगला. फक्त गुरुवारी तो पायात चढायचा. बाईंना वाईट वाटू नये एवढाच आमचा हेतू होता. शिवाय कॅलिपर वापरत नाही असं कळलं तर बाई आपलं कार्ड फाडतील, अशी मला धास्ती होती.

वर्ष होत आलं आणि एका रविवारी, कसलीही वर्दी न देता, बाई दारात. अहवाल लिहायचा होता, त्यासाठी शेवटची मोजमापं घ्यायला त्या घरोघर निघाल्या होत्या. मी पानांच्या ढिगापाशी बायकांत बसलेली, कॅलिपर आतल्या खोलीत खुंटीवर. बाईंनी आत जाऊन तो काढून आणला आणि सवयीनं बूट पालथा केला. दुनियेच्या चपला उलट्या करणाऱ्या बाईंनी, आम्हाला स्वतः दिलेला बूट तोवर कधी उलटा केला नव्हता. तळ दुकानातून आणल्यासारखा कोरा.

"कधी घालतेस?"

"गुरुवारी," मी म्हटलं आणि रडायला लागले.

मोठी आत्या पानं बाजूला सारून पुढे आली. "तिला नका बोलू. बाई, तुमी पोरीला उबी केलीत, देव तुमचं बरं करो. पन तिला बसवायची कुटं, त्ये सांगितलं नाय तुमी."

बाई ओटीच्या पायरीवर बसल्या. मग त्यांनी बांबूच्या दोन कामट्या मागितल्या, आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून घेतल्या आणि स्वतःच्या डाव्या पायाला त्या कामट्या घट्ट बांधल्या. "संध्याकाळपर्यंत मी इथेच आहे," म्हणाल्या.

तो दिवस मी विसरलेले नाही. जेवायला बाईंना खाली बसता येईना. शेवटी पालथ्या घातलेल्या बादलीवर त्यांना बसवलं, मांडीवर ताट दिलं. खाली आमची पंगत रंगली, कुणी कुणाच्या ताटातलं लोणचं उचललं, हसणं झालं. बाई वर एकट्या जेवत होत्या. त्यांना भाकरी वाढायची राहिली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. परसाकडे त्यांना आईनं आणि काकीनं धरून नेलं. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. दुपारभर त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या, रिकाम्या हातांनी. दिवेलागणीआधी पट्ट्या सोडल्या तेव्हा गुडघा सुजला होता.

"म्हाताऱ्यांच्या कार्डात मी हे घातलं होतं," त्या वडिलांना म्हणाल्या. "खाली बसणं, उठणं. पोरांच्या कार्डात नाही. छापून आलं तसं भरत राहिले. या बाईंना वर्षभर ठाऊक होतं," मोठ्या आत्याकडे बोट दाखवून, "आणि मला नाही."

वडिलांनी विचारलं, आता काय होणार? बाईंनी सरळ सांगितलं. चार वर्षांचं काम होतं. कार्डांवर ‘होय’ असेल तर त्यांचा विभाग चालू राहील, आणखी मुलांना कॅलिपर मिळतील. नसेल तर मुंबईतले वरिष्ठ तो बंद करतील.

वडील व्यवहारी माणूस. म्हणाले, "मग राहू दे ना बाई तसंच. गुरुवारी तर चालते पोरगी."

"गुरुवारी चालणाऱ्या मुली दाखवून आणखी किती पायांत मी ते लोखंड घालू?" बाईंचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला.

पण एका घरावरून काही लिहिणाऱ्या त्या नव्हत्या. पुढचा सगळा महिना त्या न सांगता घरोघर हिंडल्या. सफाळ्याच्या आतली गावं, बोईसर, थेट तारापूरच्या किनाऱ्यापर्यंत. कुठे कॅलिपर माळ्यावर होता, कुठे भाताच्या कणगीमागे. एका घरी त्याच्या पट्ट्यांवर मासे वाळत घातले होते. नंतरच्या गुरुवारी मी पालघरला गेले तेव्हा टेबलावर सगळी कार्डं पसरलेली होती आणि बाई एकेका ‘होय’वर रेघ मारत होत्या. माझ्यादेखत त्यांनी माझ्या कार्डाच्या खालच्या कोऱ्या जागेत पट्टीनं एक नवा रकाना आखला, ‘जमिनीवर बसणे व उठणे’, आणि पुढे लिहिलं, ‘नाही’. मग त्यांनी पुढचं कार्ड ओढलं. मला त्या वेळी त्यांची इतकी दया आली की घरी गेल्यावर मी जेवले नाही.

बोईसरला एक सांगलीकडचा फिटर राहत होता, प्रकल्पावर कामाला. त्याच्या आईचं कार्ड बाईंपाशी होतं. त्याला बाईंनी माझा कॅलिपर दाखवला. "बाई, दाराला बी बिजागरी असती," तो म्हणाला, "मग मान्साच्या पायाला का नको?" त्यानं गुडघ्याशी बिजागरी बसवली आणि तिच्यावर सरकणारी एक कडी. कडी खाली असली की पाय ताठ, वर ओढली की मुडपतो. ती दोनदा तुटली, कुरकुरायची, एकदा तिच्यात माझं बोट चिमटलं. बाई प्रत्येक वेळी ती घेऊन पुन्हा बोईसरला जात.

अहवाल छापला गेला नाही. ठरलेल्या नमुन्यात बदल करायचा अधिकार बाईंना नाही आणि खाडाखोड केलेली कार्डं पुरावा म्हणून चालत नाहीत, असं त्यांना वरून कळवण्यात आलं. विभाग बंद झाला. बाईंची रवानगी नागपूरला, विद्यार्थ्यांना शिकवायला.

त्या शेवटच्या गुरुवारी मी वडिलांबरोबर पालघर स्टेशनवर गेले. पायात कॅलिपर होता. फलाटावर ऊन होतं. बाईंपाशी एक ट्रंक आणि कार्डांचं गाठोडं, दुसरं काही नाही. मी न राहवून विचारलं, "बाई, हे आमच्यामुळे झालं ना?"

"तुमच्यामुळे मी थांबले," त्या म्हणाल्या. "नाही तर जन्मभर चुकीचंच लिहीत बसले असते."

गाडी आली. वडिलांनी ट्रंक चढवली. बाईंना नमस्कार करायचा, एवढं मोठ्या आत्यानं निघताना बजावलं होतं. मी कडी वर ओढली, फलाटावर खाली बसले, बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. मग हात टेकले, चांगल्या पायावर जोर दिला आणि उठले. कडी खट्‌कन खाली पडली. मला कुणीही धरलं नव्हतं.

बाई डब्यात चढल्या आणि दारातच मागे वळल्या. मग म्हणाल्या, "शालू, परत एकदा कर."

गार्डनं शिट्टी दिली. मी खाली बसले, उठले. गाडी हलली. बाई दाराच्या दांडीला धरून रडत होत्या, आणि मी अकरा वर्षांची पोर, फलाटावरच्या सगळ्या माणसांदेखत, गाडी दिसेनाशी होईपर्यंत खाली बसत होते आणि उठत होते.