दमयंतीकाकू आणि खालचा थर

दमयंतीकाकू पहिल्याच दिवशी माझ्यावर संशय घेऊन दुकानात शिरल्या. पालीजवळच्या एका बागायतदाराकडे त्या वीस वर्षं आंब्याच्या पेट्या भरतात. वर मोठे आंबे, खाली बारके, ही लबाडी त्यांनी इतकी पाहिलीय की बिस्किटाचा पुडाही त्या उलटा करून बघतात. रत्नागिरीतलं माझं कॉम्प्युटरचं दुकान त्यातून कसं सुटणार?

मुलगी संस्कृती बरोबर होती. गेम खेळण्यात पोरगी पट्टीची. पुण्याच्या एका संघाने तिला फेब्रुवारीत चाचणीला बोलावलं होतं, पण घरचा कॉम्प्युटर ऐन लढाईत अडकायचा. त्यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. तेव्हा नोव्हेंबर होता; मी बत्तीस हजार सांगितले.

काकूंनी खोका उघडायला लावला, आतला पुठ्ठा उचलून खाली डोकावल्या, कार्ड हातात तोललं.

"नवीनच आलंय ना? मग ह्यो पयल्या पेटीचा दर. हंगाम चढला की उतरंल."

"काकू, ह्यात तसं नसतं. उलट वाढेलसुद्धा."

"तू इकणारा. तू असाच बोलणार."

किंमत लिहून घ्यायला त्यांनी माझंच पेन मागितलं, खोका चारी बाजूंनी फिरवला आणि निघून गेल्या. मला भयंकर राग आला. मी काय चोर होतो?

जानेवारीपर्यंत मेमरीच्या चिपा महागल्या आणि कार्डांचे दर चढले. दोघी परत आल्या तेव्हा मायलेकींचं बोलणं बंद होतं.

"हिच्या संशयापायी माझी चाचणी जाणार," संस्कृती दारातूनच मला म्हणाली. काकूंचा चेहरा एवढासा झाला. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

"आता एकोणचाळीस हजार," मी म्हणालो. "कालच नवा माल आलाय. मलाच महाग पडला."

काकूंनी पिशवीत हात घालण्याआधी खोका उलटा केला. तळाच्या कोपऱ्यात निळ्या शाईची बारीकशी फुली होती.

"पेटी भरली की तळाला खूण करायची सवय हाय मला," त्या म्हणाल्या. "तुज्याच पेनानं केली होती. कालचा माल काय रे ह्यो?"

खोका नोव्हेंबरपासून माझ्या फळीवर होता. जुन्या दराने घेतलेला. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. "बत्तीसच द्या," मी खाली बघून म्हणालो.

संस्कृती आत आली. तिने फुली पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि आईच्या हातातली पिशवी घेतली.

"आये, चल, एसटी चुकेल."

खोका तिथेच ठेवून काकू तिच्या मागोमाग निघाल्या, ताठ मानेने.

चाचणीचं काय झालं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मात्र आता गिऱ्हाईक खोका हाताळून गेलं की मी तो आधी उलटा करून बघतो, तळाला फुली तर नाही ना.