दाजीची पितळी दांडी

हे मी बायकोला कधी सांगितलं न्हाई. अक्काला तर न्हाईच न्हाई. आता दोघीबी गेल्या, अन् दाजी त्यांच्याबी आधी. घरात ऐकून दुखावणारं कुणी उरलं न्हाई, म्हणून तुमच्यापुढं तोंड उघडून राह्यलो — हां, एवढीच माझी हिंमत.

निजामाचं राज व्हतं तव्हाची गोष्ट. जालन्याच्या एका जिनिंग-प्रेसात मी बॉयलरवर आगवाला व्हतो अन् माझे दाजी, अक्काचे मालक, तिथंच फिटर. बॉयलर तेलावर जळायचा. नळीतून तेलाचा फवारा, त्याला जाळ. पण जाळ मधीच विझला अन् तेल चालूच राह्यलं तर? भट्टीत त्याची वाफ कोंडती. त्यात कुणी पेटता बोळा धरला की — संपलं.

दाजीनं त्याच्यावर इलाज काढला. मागं, धुराड्याच्या तोंडाशी पितळेची दांडी बसवली. तापून लांब झाली की ती तेलाची तोटी उघडी धरायची. जाळ गेला, दांडी गार होऊन आखडली, की तोटी आपोआप बंद. कुठं बघून न्हाई, सगळं स्वतःच्या डोक्यातून! येईल त्याला हाताला धरून दाखवायचे. अक्का हसायची — पोराच्या बारशाला बी माणूस एवढा हरखला नव्हता म्हणायची.

पण ती दांडी भलतीच हळवी. जाळ जरा मंद झाला की तेल तोडायची. वाफ उतरायची, प्रेस अर्ध्यात थांबायचा, अन् दाबत आणलेली कापसाची गासडी फुगून वर यायची. प्रेसवाले सगळ्यांदेखत बोंबलायचे — काय आगवाल्या, झोपला का? आता दाजीला जाऊन 'जरा सैल करा' म्हणायला माझी जीभ झडली व्हती का? न्हाई. पण त्यांच्या त्या आनंदात खोट काढणं जमलं न्हाई. मंग मी तोटीचा दांडा तारेनं उघडाच बांधून टाकला. गुपचूप. प्रेसवाले खूश. दाजी बी खूश — "बघ, आता कशी बराबर बसली!"

त्या दुपारी टेंभुर्णीकडून कापसाच्या गाड्या आल्त्या. मी फाटकापाशी गप्पा हाणत उभा. परत आलो तर जाळ विझलेला, अन् दाजी पेटता बोळा घेऊन भट्टीच्या तोंडाशी वाकून राह्यलेले. बिलकुल निवांत. त्यांची दांडी व्हती ना मागं — तेल बंदच असणार!

'थांबा' म्हणायला वेळ व्हता. न्हाई, न्हाई, वेळच नव्हता, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं — पण व्हता. शब्द तोंडापर्यंत आल्ता. पण थांबा म्हणलो तर ते विचारतील का म्हणून, मंग मागं जातील, मंग तार दिसंल...

भडका उडाला. दाजीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मी मागं राह्यलो. कशाला? तार सोडायला.

जीव वाचला, डोळे गेले. साहेबानं 'फिटरचं खूळ' म्हणत ती दांडी भंगारात फेकली. दाजीनं ती माझ्याच हातून घरी मागवून घेतली. मंग अंगणात बसून बोटांनी चाचपत राहायचे — कुठं वाकली, कुठं अडकली? रोज. त्यात काही असतं तर सापडलं असतं.

एकदा म्हणले, "नामदेव, तू तिथंच असायचा. खरं सांग. माझ्याच हातचं काम चुकलं ना?"

त्यांना 'न्हाई' ऐकायचं व्हतं. तोंड माझ्या आवाजाकडं वळवून बसले व्हते. अन् मी म्हणलो, "हो दाजी. तुमचंच चुकलं."

त्यांनी मान हलवली. दांडी खाली ठेवली. त्यानंतर मरेपर्यंत त्या माणसानं एकाही अवजाराला हात लावला न्हाई.