पायाकडं बघणारे मिस्त्री

आमच्या घरात वहाणांचा एकच जोड होता. ज्याला भोरला जायचं त्यानं तो घालायचा, बाकीचे अनवाणी. वेल्ह्याच्या डोंगरात मेंढरं राखणारी माणसं आम्ही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आबांनी कळप विकून जुनी लॉरी घेतली आणि मला पुण्याच्या कॉलेजात घातलं. दादा डोंगरातला हिरडा भोरला पोचवी. त्यावर घर चाले, माझं शिक्षणही.

दोन महिन्यांत पुढचा डावा टायर आतल्या कडेनं झिजून कापड दिसू लागलं. स्टिअरिंग असं थरथरे, की जेवायला बसला तरी दादाचे हात कापत. जवळचा जादा टायर चढवला, तर तोही तसाच झिजू लागला. नवा टायर परवान्याशिवाय मिळत नव्हता.

"ह्यो गेला की लॉरी उभी, अन् तू घरी," दादा म्हणाला.

मी सुट्टीवर होतो. दोघं लॉरी घेऊन नसरापूरच्या मिस्त्रींकडं गेलो.

मिस्त्री माणसाच्या आधी पायाकडं बघत, मग तोंडाकडं. दादानं माझं कॉलेज सांगितलं, पण त्यांची नजर दादाच्या पायांतल्या आमच्या त्या जोडावर होती.

"ह्या वहाणा दोगं घालत्यात. एक टाचंवर चालतोय, दुसरा चवड्यावर."

मला लाज वाटली. ती झाकायला मी म्हणालो, "टायरच खराब असतील."

"दोन्ही खराब? अन् एकाच कडंनं? कालेजात ह्येच शिकिवत्यात व्हय?"

डोळे मिटून त्यांनी टायरवर तळहात फिरवला. "हात भाईर येताना गुळगुळीत, आत जाताना करवत. चाक पळत न्हाई, फरपटतंय." मग सुतळीनं पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर दोन्ही अंगांनी मापलं. डावीकडं सुतळी दोन बोटं उरली. स्प्रिंगचे पाटे आवळणारा बोल्ट तुटून आस मागं सरकला होता.

"पोती कुठल्या अंगाला भरता?"

"डोंगराच्या, डाव्या," दादा म्हणाला. "दरीकडं कलू नये म्हणून. समदेच भरत्यात."

"बैलगाडीत चालतंय ते. दरीच्या भ्यानं तुमी गाडीचाच पाय मोडलासा."

दिवसभर ते एकटेच खपले. बोल्ट घातला, एक पाटा वाढवला, चाकं सुतळीला धरून सरळ केली, झिजलेली कड बाहेर येईल असा टायर रिमवर उलटा बसवला. दादानं लॉरी सातारा रस्त्यावर नेली, स्टिअरिंगवरचे हात उचलले, आणि कितीतरी दिवसांनी हसला.

परत येऊन बघतो तर मिस्त्रींनी तीन पितळ्या मांडलेल्या. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. "भाकरी खाऊन जावा."

आम्हाला घाई होती.

"जावा मग. चांगली केलेली गाडी माघारी येत न्हाई. माजं कामच आसं." आणि त्यांनी दोन पितळ्या उचलून फळीवर ठेवल्या.

पुढं पावसाळा सोडून दादा रोज त्या दारावरून जाई. भोंगा वाजवी. मिस्त्री मान वर करून आधी चाकाकडं बघत, मग हात हलवत. थांबायला कारण नसे. मीही कधी थांबलो नाही.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन गेलो. दाराला कडी होती. शेजारचा चहावाला म्हणाला, "ह्याच पावसात गेले. दोन दिस कुणाला पत्ता न्हाई. एक लॉरी बिघडून आली, तवा कळलं."

पेढ्यांचा पुडा मी उंबऱ्यावर ठेवला.

तो उलटा घातलेला टायर माझ्या शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकला. मी बी. ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला.