घोडीचा खूर आणि सासूबाईंचं नाक

तबेल्यातल्या म्हाताऱ्या घोडीच्या एका खुराचा तळवा पातळ झाला होता, म्हणून नालबंदाने नाल आणि खुराच्या मध्ये पॅड बसवलं. घोड्यांची निगा राखणाऱ्या मावशींना त्याने बजावलं, "पॅडखालचं दिसत नाही. रोज वास घ्या. घाण वास आला, तर लगेच बोलवा."

मावशींनी मान डोलावली. पण गेल्या वर्षीच्या आजारपणापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता. नोकरी जाईल या भीतीने त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

महिन्याभराने घोडी एक पाय जपून टाकू लागली. मावशी तडक घरी गेल्या आणि सासूबाईंना घेऊन आल्या. शेजारी दूध करपलं तरी त्यांना आपल्या घरात कळायचं. सासूबाईंनी वाकून खुराशी नाक नेलं.

"अगं बाई, कुजलंय हे!"

मावशींनी लगेच नालबंदाला बोलावलं. त्याने नाल काढली. आत ओल शिरून खूर काळा पडू लागला होता. तो खरवडून, औषध भरून त्याने नवं पॅड घालून नाल ठोकली.

"बरं ओळखलंत," तो म्हणाला.

"मी नाही, यांनी," म्हणत मावशींनी सगळं सांगून टाकलं.

तबेल्याच्या मालकांनीही ते ऐकलं, पण मावशींची नोकरी कायम ठेवली. आता सासूबाई रोज सकाळी येतात.

"घरात नाक खुपसलं की हिला राग येतो," त्या सांगतात, "आणि इथे हीच मला बोलावते!"