कपाटामागचा गुलाबी

आमची लालबागची चाळ पाडायला घेतली, त्याआधी मी खोलीच्या भिंतीचे दोन पोपडे सोलून साबणाच्या डबीत ठेवले. एक दारासमोरच्या भिंतीचा, दुसरा त्याच भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटामागचा. नव्या इमारतीत घर मिळेपर्यंत आई शीवला माझ्या बहिणीकडे राहणार होती. जाताना तिने बजावलं होतं, "भिंतीक आपलोच गुलाबी रंग व्हयो. नायतर मी चेडवाकडेच रवतलंय."

साडेचार वर्षांनी घराची किल्ली हातात आली. मी डबी घेऊन परळच्या रंगवाल्याकडे गेलो. त्याने शेडकार्डावर पोपडे ठेवले आणि दोन वेगवेगळ्या चौकोनांवर बोट ठेवलं. "यातला कोणता?"

माझी समजूत अशी, की रंग एकच. दारासमोरचा स्टोव्हच्या धुराने मळला. घरी जाऊन तो साबणाने धुतला, कडेला ब्लेडने खरवडला. कपाटामागचा गुलाबी निळसर झाकेचा होता, हा विटकरीकडे झुकलेला. धूर वरवर बसतो, रंगाच्या आत शिरत नाही. हिशेब जुळेना. बायकोला कपाटामागचा पसंत पडला. मलाही तोच आवडला, पण राहायचं होतं आईला.

रविवारी शीवला जाऊन दोन्ही पोपडे आईसमोर ठेवले.

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात," बहीण म्हणाली.

"तुका माशाचा तिखला आणि आमटी पण एकच वाटता," आई म्हणाली. मग तिने विटकरी पोपडा उचलला. "ह्यो संपातलो."

"आणि हा?"

"तो आदीचो, मिल चालू असतानाचो. संपात ह्येंनी खोली रंगवल्यानी तेव्हा कपाट हलवूक जागा खय होती? तसाच ठेवन भोवतीन रंग मारल्यानी."

वडील स्टुलावर उभे राहून ब्रश मारताना मला पुसट आठवतात. ते रंगवणं इतके दिवस का चाललं होतं, हे मात्र कधी कळलं नव्हतं. मी विचारलं.

"कामाक जावचा नाय, मग करतले काय? मिलच्या पाळयेच्या टायमाक ब्रश घेवन उभे. एकावर एक चार हात दिल्यानी. तिसऱ्याक मी म्हटलंय, पुरे करा, खोली ल्हान होतली."

मी पोपडे कडेने उजेडात धरले. संपातला खरोखरच जाड होता. खालचा जुना गुलाबी भिंतीलाच राहिला होता, पण वरचे थर दिसत होते, मोजताही येत होते. मी मोजले. चारच.

"मग आपला गुलाबी कोणता?" मी विचारलं.

आईने दोन्ही पोपडे माझ्याकडून घेतले. मग बहिणीला म्हणाली, "माझी बॅग काढ गो वरची." आणि विटकरी पोपडा माझ्या हातात दिला. "ह्योच लाव. पण रंगाऱ्याक सांग, दोनच हात. तेका दुसरी कामा असतली."